वरून दिसते ते छप्पर, घर नव्हे



मागच्या महिन्यात गट ऑफिसात ऊसनोंदीचे काम चालू असताना आपले एक जुने सभासद आत आले. आम्हाला वाटले, नोंद करायला आले असतील. पण त्यांच्या हातात गावठाणाच्या नकाशाची झेरॉक्स होती. टेबलावर कागद पसरून म्हणाले, "हे बघा. वरनं ड्रोन फिरवला, सगळ्या गावाचा फोटू काढला. समद्यांची घरं आली. आमच्या घराची पुढली पडवी तेवढी कुठं गेली?"

आमचे ओव्हरसियर म्हणाले, "आबा, हे काम आपल्या कारखान्याचं न्हाई."

"ते ठावं हाय मला. पण तुम्ही शिकलीसवरलेली माणसं. असं का झालं, एवढं तरी सांगाल का न्हाई?"

खरे सांगायचे तर आम्हाला ते सांगता आले नाही. कागद नीट पाहिला तेव्हा घोटाळा आणखी मोठा निघाला. पडवी नव्हतीच, मागची खोली अर्धीच दिसत होती, आणि बोळाच्या बाजूला घराची रेषा दीड-एक फूट पुढे गेलेली होती. एका घरात तीन चुका. त्यातली बोळाकडची चूक आबांच्या फायद्याची होती, पण त्याच बोळावरून त्यांची शेजाऱ्याशी दहा वर्षे धुसफूस चालली आहे. शेजाऱ्याने हा कागद पाहिला तर म्हणणार, बघा, सरकारी नकाशातच अतिक्रमण आले! आबांना खरी काळजी ती होती.

नंतर आम्ही जाणकारांना विचारले, थोडे वाचले, टेप घेऊन आबांच्या घरीही जाऊन आलो. त्यातून जे समजले ते सभासदांच्या माहितीसाठी येथे देत आहोत. मिळकत पत्रिका आता गावोगाव हातात पडत आहेत. त्या कागदावरची रेषा कशी निघाली हे ज्याच्या त्याला ठाऊक असलेले बरे.

काळीचा नकाशा झाला, पांढरीचा राहिला

आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. काळीचे नकाशे जुने आहेत. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्याच शेजारच्या इंदापूर तालुक्यात जी मोजणी व आकारणी केली, तिच्या धर्तीवर पुढे सगळ्या मुंबई इलाख्याची मोजणी झाली. तेहेतीस फुटांची शंकू-साखळी घेऊन माणसे बांधाबांधाने फिरली. आपला गुंठा म्हणजे तरी काय? त्या एका साखळीचा चौरस, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर.

पण ही सगळी मेहनत सारा ठरवण्यासाठी होती. गावठाणातल्या घरावर शेतसारा नाही, म्हणून आत शिरून घर न् घर मोजण्याचे सरकारला कारण नव्हते. गावठाणाची बाहेरची हद्द आखली, आतला भाग मोकळा सोडला. पुढे शहरांची व मोठ्या गावांची नगर भूमापने झाली, पण लहान गावांतून घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि चार म्हाताऱ्यांची तोंडे, हीच स्थिती राहिली. बँकेत त्याची किंमत किती होती ते ज्यांनी घर तारण ठेवून कर्ज मागितले त्यांना विचारावे.

पुण्याजवळ पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला. त्यानंतर २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी, केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. १८ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी पन्नास हजारांहून अधिक गावांतील पासष्ट लाखांवर मिळकत पत्रिकांचे वाटप झाले. एवढ्या घरांभोवती साखळी धरून फिरायचे म्हटले असते तर आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या. तेव्हा ड्रोनला नावे ठेवण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. साखळीची चूक आपल्या आजोबांना कळत होती, ड्रोनची चूक आपल्याला कळत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दोन फोटो, एक उंची

वरून काढलेल्या फोटोत घर कसे ओळखायचे? आपण माणसे पटकन ओळखतो, कारण घर काय असते ते आपल्याला माहीत असते. संगणकाला फोटो म्हणजे रंगांचे ठिपके. सिमेंटचा पत्रा आणि सिमेंटचा रस्ता त्याला सारख्याच रंगाचा. खळ्याची सारवलेली जमीन आणि माळवदाचे धाबे, दोन्ही एकाच मातीचे. रंगावरून घर शोधायला सांगितले तर तो निम्म्या वेळी फसतो. म्हणून जाणकारांनी दुसरी खूण धरली. घर जमिनीपासून वर उठलेले असते, रस्ता उठलेला नसतो. म्हणजे उंची पाहिजे.

आता सपाट फोटोत उंची कुठून येणार? इथे गंमत आहे. एस.टी.त खिडकीशी बसून बाहेर पाहिले तर जवळचे खांब भराभर मागे पळतात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. ड्रोनलाही तसेच. तो वरून जाताना जी वस्तू त्याला जवळ, म्हणजे जमिनीपासून उंच, ती फोटोत जास्त सरकते. म्हणून एकाच जागेचे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून फोटो घ्यायचे आणि कोणता ठिपका किती सरकला ते मोजायचे. आपले दोन डोळे रात्रंदिवस हेच करतात.

हिशेब करून पाहू. ड्रोन १२० मीटरवर आहे आणि एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत तो ३० मीटर पुढे गेला, असे धरा. ३ मीटर उंचीच्या घराचे छप्पर त्या दोन फोटोंत जमिनीपेक्षा साधारण पाऊण मीटर जास्त सरकलेले दिसेल. फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या ५ सेंटिमीटरएवढा असेल तर हे सरकणे पंधरा ठिपक्यांचे झाले. संगणक ते सहज मोजतो. म्हणूनच ड्रोनवाले एकावर एक पडणारे फोटो घेतात. एका फोटोचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग पुढच्या फोटोत पुन्हा येतो. ज्यांना वाटते की तो उगाच इकडून तिकडे घिरट्या घालतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

असे प्रत्येक ठिकाणचे मोजून जो तयार होतो त्याला डिजिटल एलेव्हेशन मॉडेल म्हणतात. नाव मोठे आहे, वस्तू साधी आहे. चौकड्यांच्या वहीचे एक पान घ्या आणि प्रत्येक चौकडीत त्या जागेची उंची लिहा. झाला उंचीचा तक्ता. फक्त वही मोठी लागते. दहा हेक्टरच्या गावठाणात दर दहा सेंटिमीटरला एक आकडा लिहायचा तर एक कोटी आकडे होतात. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील चार्ल्स मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ च्या सुमारास ती मांडली, आणि तीही घरांसाठी नव्हे तर रस्ते आखण्यासाठी, भराव किती व खोदाई किती हे कागदावरच काढता यावे म्हणून.

असे तक्ते अवकाशातूनही झाले. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत जगाच्या फार मोठ्या भागाची उंची रडारने मोजली. पण त्या तक्त्याची एक चौकडी ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. त्यात एक अख्खी आळी एका आकड्यात जाते. आपल्या देशाने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर एक कॅमेरा पुढे झुकलेला व एक मागे झुकलेला, असे दोन कॅमेरे खास उंचीसाठीच बसवले होते. त्याचा ठिपका अडीच मीटरचा. धरणाला, कालव्याला ते उत्तम. आबांच्या पडवीला मात्र नाही.

जमीन कुठे आहे?

उंचीचा तक्ता झाला म्हणजे घरे सापडली, असे आम्हालाही वाटले होते. तसे होत नाही. तक्त्यात मिळते ती वरच्या पृष्ठभागाची उंची: कौलाची, झाडाच्या शेंड्याची, उभ्या उसाची, टाकीची. आणि ती समुद्रसपाटीपासून मोजलेली. आपल्याला पाहिजे जमिनीपासूनची. त्यासाठी घरे, झाडे काहीच नसती तर तिथली जमीन किती उंच असती, असा दुसरा तक्ता लागतो. वरच्या तक्त्यातून खालचा वजा केला की उरते ते उभे राहिलेले सगळे.

पांढरीच्या बाबतीत ही वजाबाकी फार जरूरीची आहे. जुनी गावठाणे बहुधा टेकाडावर आहेत. शेकडो वर्षे मातीची घरे पडली, त्यावरच नवी उठली, आणि गाव शिवारापेक्षा पुरुषभर, कुठे दोन पुरुष वर आले. नुसती समुद्रसपाटीपासूनची उंची पाहिली तर पांढरीतले मोकळे अंगण मळ्यातल्या घराच्या छपराएवढे उंच भरेल. तेव्हा अंगणाखालची जमीन कुठे आहे ते आधी ठरले पाहिजे.

ती ठरवायची कशी? एक जुनी रीत अशी की तक्त्यावर एक चौकट फिरवायची आणि तिच्यात सर्वात खाली जो आकडा सापडेल तो जमिनीचा धरायचा. दाट वस्तीतही कुठे बोळ, कुठे अंगण असतेच, म्हणून हे बहुतेक जमते. पण चौकट केवढी घ्यायची? आपल्या कारखान्याचे साखर गोडाऊन डोळ्यांसमोर आणा. चौकट त्याच्यापेक्षा लहान घेतली तर गोडाऊनच्या मधोमध ती पूर्णच छपरावर पडेल, सर्वात खालचा आकडाही पत्र्याचाच मिळेल, आणि संगणक म्हणेल, इथे जमीनच तीस फूट वर आहे! गोडाऊन नकाशातून गायब. आणि चौकट भलतीच मोठी घेतली तर जिथे टेकाड आहे तिथे टेकाडाचाच माथा कापला जाऊन त्याची इमारत होईल. ज्या गावात जुनी गढी आहे तिथे हे हमखास. गढीचा भराव सरळ उभा असतो, संगणकाला तो वाड्यासारखाच वाटतो.

दुसरी रीत आम्हाला फार आवडली. २०१६ साली चिनी संशोधकांनी ती मांडली. सगळा तक्ता उलटा करायचा, म्हणजे घरांचे खड्डे होतात आणि जमीन वर येते. मग त्यावर एक काल्पनिक चादर टाकायची. चादर थोडी ताठ असली तर ती अरुंद खड्ड्यात उतरत नाही, वरच्या वर राहते. चादर जिथे टेकली ती जमीन, जिथे अधांतरी राहिली तिथे घर किंवा झाड. गोधडी अंथरणाऱ्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. मात्र चादर किती ताठ ठेवायची हे माणसालाच ठरवावे लागते, आणि सपाट गावाला चालणारी ताठरता घाटमाथ्यावरच्या गावाला चालत नाही. तिथे घराची मागची भिंत डोंगरात घुसलेली, मागून छपरावर पाऊल टाकता येते. अशा घराची उंची किती म्हणायची?

उसाचे घर

आता वजाबाकी झाली. उरलेल्यातून, समजा, दोन-अडीच मीटरपेक्षा उंच तेवढे ठेवले. यात घरे आली, झाडे आली, आणि आपल्या भागात आणखी एक वस्तू आली. आडसाली ऊस तोडणीला येईपर्यंत दहा-बारा फूट होतो. वरून पाहिला तर चौकोनी, सरळ कडांचा, बऱ्यापैकी सपाट माथ्याचा. गावठाणाला लागून एखादा फड उभा असला तर उंचीच्या तक्त्यात तो मोठ्या मंगल कार्यालयासारखा दिसतो! नुसत्या उंचीवर विसंबले तर आपल्या कार्यक्षेत्रात घरांपेक्षा उसाच्याच इमारती जास्त निघतील.

उपाय आहेत. हिरवे पान तांबडा प्रकाश पिऊन टाकते आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकते. त्या दोहोंचा हिशेब मांडला की हिरवळ वेगळी काढता येते. पीक-पाहणीचे उपग्रह हेच करतात. साध्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश टिपला जात नाही, मग नुसत्या हिरव्या रंगाच्या प्रमाणावर भागवावे लागते. दुसरी खूण खडबडीतपणाची. कौलाचा उतार एकसारखा असतो, तर झाडाचा माथा आणि उसाची वाढी खालीवर. शिवाय वाऱ्याने पाने हलतात, त्यामुळे दोन फोटोंतले ठिपके एकमेकांशी जुळतच नाहीत आणि आकडे वेडेवाकडे येतात. तो वेडेवाकडेपणा हीच पिकाची खूण. तिसरा उपाय आपल्या शेतकी खात्याला लगेच पटेल. एकदा हंगामाआधी व एकदा तोडणीनंतर असे दोनदा उड्डाण करायचे. ऊस गाळपाला जातो, घर जागेवर राहते. पण दोनदा खर्च करायला कोण तयार होणार!

आणि प्रत्येक उपायाला अपवाद आहेच. आपल्या बायका पत्र्यावर भोपळ्याचा, दोडक्याचा वेल चढवतात. ते छप्पर संगणकाच्या लेखी झाड. बगॅसचा ढीग घरापेक्षा उंच आणि हिरवा नाही, म्हणजे इमारत. चकाकणारा नवा पत्रा फोटोत पांढराफेक पडतो, त्यावर जुळवायला ठिपकाच सापडत नाही.

आज संगणकाला हजारो उदाहरणे दाखवून शिकवतात. हे घर, हे झाड, हा रस्ता असे माणसाने रंगवून दिलेले फोटो त्याला घोटवायचे. जगभरचे अभ्यासक ज्या फोटोंवर आपापली रीत पारखून पाहतात त्यांत जर्मनीतील फाइहिंगेन आणि पॉट्सडॅम या गावांचे फोटो प्रसिद्ध आहेत. ठिपका फाइहिंगेनचा ९ सेंटिमीटरचा, पॉट्सडॅमचा ५ सेंटिमीटरचा, आणि फोटोच्या जोडीला उंचीचा तक्ता दिलेला. तिथे घर, झाड, गवत, फरसबंद जमीन, मोटारगाडी आणि उरलेले किरकोळ असे सहा प्रकार ओळखायचे असतात. नुसत्या फोटोपेक्षा फोटो आणि उंची दोन्ही दिल्यास घर व फरसबंदी यांतला गोंधळ कमी होतो. पण त्या गावांत माळवद नाही, चौकाचा वाडा नाही, कडब्याची गंज नाही आणि बारा फुटी ऊस तर नाहीच. जर्मन गावात शिकलेल्या पोराला आपल्या गावात आणून उभा केला तर तो थोडे दिवस चुकणारच. म्हणून आपल्याकडची घरे दाखवून त्याला नव्याने शिकवावे लागते, आणि शेवटी माणसाने पडद्यावर बसून रेषा तपासाव्या लागतात.

आबांच्या तीन चुका

आता पुन्हा आबांच्या घराकडे.

पडवीचे पत्रे पुढच्या कडेला जमिनीपासून जेमतेम सहा फूट. मीटरमध्ये पावणेदोन-एक. अडीच मीटरची मर्यादा लावली तर ती घर म्हणून टिकणारच नाही. ओसरी, गोठा, न्हाणी, कोंबड्यांचे खुराडे या सगळ्यांचे असेच होते. मर्यादा खाली आणावी म्हटले तर बैलगाड्या, कडब्याच्या पेंढ्या, उभे ट्रॅक्टर सगळे घर म्हणून येते. मागच्या खोलीवर थोरला कडुनिंब आहे. फोटोला पानाखालचे दिसत नाही. वरचे घरही दिसत नाही आणि खालची जमीनही. लेसर किरणांनी उंची मोजण्याची रीत आहे, तिचे काही किरण पानांच्या फटीतून खाली जातात. पण फोटोवरून काम झाले असेल तर कडुनिंबाखालचे टेपनेच मोजायचे.

बोळाकडच्या चुकीला दोन कारणे सांगतात. ड्रोन डोक्यावर नसून बाजूला असताना फोटो काढला तर घराचा माथा बाहेरच्या बाजूला कलंडलेला दिसतो. १२० मीटरवरच्या ड्रोनपासून ६० मीटर आडव्या अंतरावर ३ मीटर उंचीचे घर असेल तर त्याच्या छपराची कड फोटोत दीड मीटर, म्हणजे पाच फूट सरकलेली असते. फोटो सरळ करताना नुसत्या जमिनीचा तक्ता वापरला तर जमीन बरोबर जागी बसते, पण छप्पर कलंडलेलेच राहते. छपरासकट वरचा तक्ता वापरला तर छप्परही आपल्या जागी येते. नकाशा १ : ५०० प्रमाणाचा असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाच मीटर. कागदावर तीन मिलिमीटरची चूक म्हणजे बोळ गेला!

आबांच्या बाबतीत मात्र छप्पर जागेवरच होते. आम्ही वळचणीखाली उभे राहून टेप धरली तेव्हा कौले भिंतीच्या पुढे दीड फूट आलेली निघाली. नकाशातली रेषा पागोळीची होती, भिंतीची नव्हती. ड्रोन कितीही चांगला असो, वरून त्याला पागोळीच दिसणार. भिंत दिसायला खाली यावे लागते.

याच कारणासाठी उड्डाणाच्या आधी गावात चुन्याच्या रेषा मारून घेतात. ग्रामपंचायतीची व भूमी अभिलेखाची माणसे आणि घरमालक सगळ्यांनी मिळून, शेजाऱ्यादेखत, हद्द जमिनीवर पांढऱ्या चुन्याने आखायची. मग ती फोटोत येते. मिळकतीची हद्द ती, छप्पर नव्हे. आबांना विचारले, चुना मारला तेव्हा तुम्ही कुठे होता? म्हणाले, "लेकीच्या घरी बारशाला गेलतो. पोरगा रानात. कुणी मारला न् कुठं मारला, कुणाला ठावं." आपल्यापैकी किती जणांचे असेच झाले असेल याची आम्हाला कल्पना आहे.

जाता जाता एक गोष्ट लिहावीशी वाटते. हंगामात आपल्या कारखान्यावर तोडणीसाठी येणाऱ्या मंडळींच्या कोप्या पुरुषभर उंचीच्या, वाढ्याच्या नाही तर प्लास्टिकच्या कागदाच्या. उंचीच्या तक्त्यात त्या बसत नाहीत आणि हंगाम संपला की जागेवरही नसतात. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णा-पंचगंगेच्या पुरानंतर नदीकाठी किती घरे किती पाण्यात जातील याचे हिशेब अशाच तक्त्यांवरून मांडता येतात, कारण पाण्याची पातळी आणि जमिनीची उंची यांची ती साधी वजाबाकी आहे. पण नकाशात जे घर आलेच नाही त्याची मोजदाद त्या हिशेबात होत नाही. कोप्यांचा तळ ओढ्याकाठी टाकायचा की माळावर, हे ठरवताना शेतकी खात्याने एवढे ध्यानात ठेवावे, अशी आमची सूचना आहे.

आबांनी तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिला आहे. अर्जासोबत पडवीची लांबी-रुंदी, कडुनिंबाखालच्या खोलीचे माप आणि बोळाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींमधले अंतर जोडले आहे. हे शेवटचे माप घेताना टेपचे दुसरे टोक धरायला माणूस नव्हता. शेजाऱ्याला हाक मारावी लागली. तो आला, टोक धरले आणि आकडा स्वतः वाचून म्हणाला, "पाच फूट दोन इंच. लिहा." कागदावर दोघांच्या सह्या आहेत. अर्जाचा निकाल अद्याप आलेला नाही. आला की पुढील अंकात देऊ.

ज्या सभासदांना आपल्या मिळकत पत्रिकेवरील रेषा समजून घ्यायची असेल त्यांनी सोमवारी, बाजारच्या दिवशी, कागद घेऊन गट ऑफिसात यावे. निर्णय देण्याचा अधिकार आम्हाला नाही. टेप मात्र आहे.